स्मृतिचिन्हांचे ऋण

संग्रह करणे ही मनुष्याची फार जुनी प्रवृत्ती आहे. साधूंच्या पादुका, लढवय्यांच्या तलवारी, ग्रंथकारांचे टाक आणि दौती आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतो, आणि ज्यांनी त्या वापरल्या ते गेल्यावरही त्यांच्यापुढे हात जोडतो. या प्रवृत्तीविषयी एरवी वाद करण्याचे कारण पडत नाही. ज्याला हयातीत मान दिला त्याची वस्तू त्याच्यामागे जपावी, यात विसंगत असे काहीच नाही. परंतु ज्याला हयातीत आपण पंक्तीस बसू दिले नाही, त्याचीच वस्तू आज आपण काचेच्या कपाटात ठेवू लागलो, तर त्या कृत्यास काय नाव द्यावे? तो सन्मान म्हणावा की प्रायश्चित्त? की जिवंतपणी त्याचे श्रम घेतले आणि आता त्याची आठवणही आपल्याच मालकीची करून घेत आहोत, असे म्हणावे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाशिकच्या वाचकास संग्रहाचे शास्त्र परके नाही. आपल्या शहरातील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. आणि त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीस, १९८० साली परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. नाण्यांचा विषय निघाला म्हणजे आमच्या जिल्ह्यातील जोगलटेंभीच्या ठेव्याची आठवण होणे क्रमप्राप्तच आहे. १९०६ साली गोदाकाठच्या या गावी क्षहरात राजा नहपान याची चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांचा चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह उमटविलेले. तरी पुष्कळ नाण्यांवर खालचा चेहरा पुसला गेलेला नाही, आणि त्यामुळेच कोणी कोणाचा पराभव केला हे दोन हजार वर्षांनंतर कळू शकले.

या ठेव्यापासून संग्राहकाने दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही की, विजयी पक्ष आपला छाप वर मारतो, म्हणून खालचा चेहरा पाहण्यासाठी डोळा तयार करावा लागतो. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. हा ठेवा पुढे ठिकठिकाणी विखुरला; पण विखुरण्यापूर्वी रेव्हरंड स्कॉट यांनी ती नाणी तपासली, मोजली आणि त्यांची हकीकत छापली. ती मोजणी झाली नसती, तर कोणा धनिकाच्या खणात पडलेले एखादे नाणे आज केवळ चांदीचा तुकडा ठरले असते. वस्तू साक्ष देते हे खरे. परंतु ती कोठून आली, कोणाबरोबर होती आणि कोणाच्या हातची होती, हे सांगणारे कोणी नसेल तर ती मुकीच राहते.

ज्या १९०६ साली जोगलटेंभीस हा ठेवा सापडला, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईस एक क्रिकेटचा सामना झाला. एका बाजूस युरोपियन लोकांचा संघ होता व दुसऱ्या बाजूस हिंदूंचा. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. आणि हिंदू १०९ धावांनी जिंकले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविले म्हणून देशभर आनंद झाला. या विजयात ज्याच्या डावखुऱ्या फिरकीचा मोठा वाटा होता, तो गोलंदाज पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील होता. बेसबॉल हा अमेरिकेचा जो खेळ, त्यातील काळ्या खेळाडूंच्या विस्मृत इतिहासाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. आमच्या मते त्या इतिहासाचा महाराष्ट्रातील सख्खा भाऊ शोधावयाचा, तर तो पाळवणकर बंधूंच्या चरित्रातच सापडेल.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा. घराणे मूळचे कोकणातील पाळवणी गावचे. वडील लष्करात नोकरीस. पुण्यास आल्यावर बाळूंना पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडण्याचे काम मिळाले. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात चार रुपयांवर लागले. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळ्या बांधाव्या, रेघा आखाव्या, ही त्यांची कामे. जिमखान्यातील साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा होता. तो हा नोकर झाला. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करवून घेई, आणि आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका सांगतात. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे क्वचितच मिळाली. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम म्हणून नोकराकडे, आणि बॅट ही प्रतिष्ठेची म्हणून साहेबाकडे, अशी ती वाटणी होती. श्रमाची आणि मानाची अशी वाटणी ज्या समाजाच्या अंगवळणी पडलेली होती, त्याला ती ओळखीचीच वाटली असेल.

त्यांची कीर्ती झाली तेव्हा पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. घेतले, परंतु कसे? मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सर्वजण हातात घेत. डाव संपला की चहाची वेळ येई. तेव्हा इतरांस मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा, आणि बाळूंना मंडपाबाहेर, साध्या मातीच्या भांड्यातून. ते भांडे एकदा वापरून फेकून द्यावयाचे. जेवणही वेगळ्या ताटात व वेगळ्या मेजावर. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता. जो चेंडू त्यांच्या बोटांतून सुटून यष्टिरक्षकाच्या हातात जाई, त्यातून विटाळ का जात नसे, हा प्रश्न त्या वेळच्या धर्मशास्त्र्यांस कोणी विचारला होता काय, न कळे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी मात्र या खेळाडूंस सुनावले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवावयासही हवे, असे सांगितले जाते. मुंबईस हिंदू जिमखान्यात आल्यावर ही बंधने बरीच सैल झाली. आणि १९०६ च्या विजयानंतर सुधारकांच्या पत्रांनी त्यात समाजसुधारणेची नांदी पाहिली.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघ म्हणून त्याची कामगिरी सामान्यच झाली. पण पस्तिशीतल्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या दौऱ्यावर होते. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोघे बंधूही उत्तम खेळाडू निघाले. परंतु संघाचे नेतृत्व करण्याची वेळ आली की योग्यतेचे पारडे एकाएकी हलके होई. १९२० साली बाळूंना प्रथम संघातून वगळण्यात आले आणि कप्तान पै खेळू शकत नसता ते पद विठ्ठलांना डावलून प्राध्यापक देवधरांकडे देण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. देवधरांची खेळातील योग्यता निर्विवाद होती. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हताच. अखेर १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने विजय मिळविले. मोठ्या बंधूला जे मिळावयास हवे होते, ते धाकट्यास मिळाले. यावर समाधान मानावे की खेद करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, कोणी संग्राहकाने या बंधूंच्या स्मृतिवस्तू जमविण्याचे मनावर घेतले. त्याला काय मिळेल? विलायतच्या दौऱ्याचे एखादे समूहचित्र मिळेल. सामन्यांचे छापील धावफलक मिळतील. एखादे पदक, एखादा झिजलेला चेंडू, मानपत्राची प्रत मिळेल. या साऱ्या मानाच्या वस्तू आहेत. त्या मिळतात, कारण त्या जपण्यासाठीच केलेल्या असतात. परंतु पुण्याच्या मंडपाबाहेरचे ते मातीचे भांडे त्याला कोठून मिळणार? ते फोडून टाकण्यासाठीच केलेले होते. अपमानाची साधने सहसा मागे उरत नाहीत, आणि ज्यांनी ती वापरली त्यांना ती उरावी अशी इच्छाही नसते. म्हणून नुसत्या वस्तूंचा संग्रह, संग्राहकाचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी स्तुतीकडे झुकतो. आणि ती स्तुती खेळाडूपेक्षा त्याला खेळविणाऱ्यांचीच अधिक होते. पदक आणि चेंडू शेजारी मांडले की पाहणाऱ्यास वाटते, पूर्वी एक गुणी माणूस होता आणि लोकांनी त्याचे चीज केले. हे असत्य नाही. परंतु अर्धे सत्य आहे, आणि उरलेले अर्धे कपाटात नसल्यामुळे ते कधी घडलेच नाही असे होऊन बसते.

उरलेले अर्धे सत्य आपल्यापर्यंत आले ते शब्दांच्या द्वारे. विठ्ठल पाळवणकरांनी १९४८ साली आपले क्रीडाविषयक आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. त्यांनी ते लिहिले नसते, तर या घराण्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे त्यातील पुष्कळसे ठाऊक नसते. म्हणून वस्तू आणि हकीकत यांचा विवाह लावणे, हे आम्ही संग्राहकाचे पहिले कर्तव्य समजतो. हकीकतीवाचून वस्तू ही केवळ मालमत्ता असते.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे बेसबॉलच्या मोठ्या संघांनी काळ्या खेळाडूंस दारे बंद केली होती. त्यासाठी कोणता लेखी नियम लागला नाही. गोऱ्या मालकांची आपसांतील समजूत पुरेशी झाली. तेव्हा १९२० साली कॅन्सस सिटी येथे रूब फॉस्टर या काळ्या खेळाडूने व व्यवस्थापकाने पुढाकार घेऊन काळ्यांच्या संघांची स्वतंत्र लीग उभी केली. सॅचेल पेज आणि जोश गिब्सन यांच्यासारखे असामान्य खेळाडू तिच्यासारख्या लीगांत घडले. १९४७ च्या एप्रिलात जॅकी रॉबिन्सन हा ब्रुकलिनच्या संघातून खेळला आणि ती जुनी भिंत पडली. गिब्सन त्याच वर्षीच्या जानेवारीत मरण पावला होता. त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावाचा दगडसुद्धा नव्हता.

या लीगांचे सामने झाले, लाखो लोकांनी पाहिले, आणि त्यांची नोंद मात्र बहुतेक कोणी ठेवली नाही. मोठी वृत्तपत्रे ते छापीत नसत. शिकागो आणि पिट्सबर्ग येथील काळ्यांच्या साप्ताहिकांनी जे छापले तेवढेच. बाकी इतिहास घरोघरच्या पेट्यांत राहिला. जाहिरातींचे कागद, तिकिटांचे तुकडे, करारपत्रे, जुनी छायाचित्रे, चामड्याचे हातमोजे यांत तो पडून होता. काही अभ्यासकांनी व संग्राहकांनी दशकानुदशके ते शोधले; जुन्या साप्ताहिकांतून एकेका सामन्याचा फलक उतरवून घेतला. १९९० साली कॅन्सस सिटीतच या खेळाडूंचे संग्रहालय स्थापन झाले आणि बक ओनील या वृद्ध खेळाडूने त्याचा प्रचार करण्यात आपले उरलेले आयुष्य वेचले. या परिश्रमांचे फळ असे की, २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेसबॉल-सत्तेने या लीगांना बरोबरीचा दर्जा मान्य केला, आणि २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे आकडे अधिकृत आकड्यांत मिळविले. त्याबरोबर आयुष्यभराच्या फलंदाजीच्या सरासरीत जोश गिब्सन पहिला ठरला. हजार संधींत ३७२ यशस्वी फटके असे त्याचे प्रमाण निघाले, तर ज्या गोऱ्या खेळाडूचे नाव इतकी वर्षे शिरोभागी होते त्या टाय कॉबचे ३६७. जी गोष्ट फाटक्या तिकिटांनी आणि पिवळ्या पडलेल्या साप्ताहिकांनी साध्य केली, ती एकट्या भाषणांनी झाली नसती.

याच इतिहासातील आणखी एक प्रसंग आमच्या विषयाला फार जवळचा आहे. १९७१ साली सॅचेल पेज याचा समावेश बेसबॉलच्या सन्मान-दालनात करण्याचे ठरले, तेव्हा आधी असे जाहीर झाले की, काळ्या लीगांतील खेळाडूंसाठी वेगळी मांडणी असेल. म्हणजे मान द्यावयाचा, पण वेगळ्या ताटात! लोकांनी आक्षेप घेतला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. पाहा, विटाळ किती चिवट असतो. तो मैदानावरून निघून गेला तरी संग्रहालयात जाऊन बसू पाहतो.

या दोन देशांच्या अनुभवांत एक मोठा फरक आहे. अमेरिकेत आकडे हरवले होते, ते शोधावे लागले. आमच्याकडे बाळूंचे आकडे कधी हरवलेच नव्हते. युरोपियनांशी झालेल्या सामन्यांचे फलक इंग्रजी पत्रे छापीतच असत. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, आणि एका बळीमागे सुमारे १५ धावा, हा त्यांचा हिशेब कोणासही पाहावयास मिळतो. असे असूनही ते नाव लोकांच्या तोंडी राहिले नाही. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांची नावे पाहा. रणजींच्या नावाची स्पर्धा १९३४ पासून आहे, दुलीपसिंहजींच्या नावाची १९६१ पासून सुरू झाली, देवधरांच्या नावाची १९७३ पासून. या मालिकेत पाळवणकर हे नाव कोठे बसते, हे वाचकानेच शोधावे. तेव्हा आमच्याकडील उणीव पुराव्याची नव्हे, वारसांची आहे. आकडे होते, ते आपले म्हणणारा कोणी नव्हता.

असे का झाले? एक कारण उघडच आहे. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना चहाच्या भांड्याची आठवण काढणे सोयीचे नव्हते. परंतु दुसरेही एक कारण आहे आणि ते बोलून दाखविणे अधिक अवघड आहे. बाळूंच्या आयुष्यातील तीन कागदांची येथे आठवण देतो. पहिला कागद मानपत्राचा. विलायतेहून परतल्यावर अस्पृश्य समाजाने बाळूंचा मुंबईस सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते असे इतिहासकारांनी नोंदविले आहे. दुसरा कागद २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराचा. त्याच्या खाली डॉ. आंबेडकरांची सही आहे, तशीच पी. बाळू यांचीही आहे. आणि तिसरा कागद १९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीचा. तीत बाळू हे काँग्रेसच्या वतीने खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे होते. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. ज्याने ज्याचे गौरवपत्र लिहिले, त्याच्याशीच पंचवीस वर्षांनी त्याला लढावे लागले.

परिणाम असा झाला की, सवर्णांच्या स्मृतीत बाळू अस्पृश्य म्हणून मागे पडले, आणि ज्या चळवळीने अस्पृश्यांस आपला इतिहास दिला, तिच्या स्मृतीत ते प्रतिपक्षाचे म्हणून मागे पडले. दोन्ही घरी पाहुणे असा मनुष्य कोणाच्याच देव्हाऱ्यात बसत नाही. १९५५ साली त्यांचे निधन झाले. आम्हांस वाटते, संग्राहकाचे खरे मोल अशाच ठिकाणी आहे. पक्ष आपल्या सोयीचा कागद ठेवतो. मानपत्र ठेवणारा मतपत्रिका टाकून देईल, मतपत्रिका ठेवणारा मानपत्र लपवील. संग्राहकाने मात्र तिन्ही कागद एका मेजावर मांडावे. असे केल्याने कोणाचीही थोरवी कमी होत नाही. गुलामगिरीतून वर येणाऱ्या लोकांतही मतभेद असतात, कारण तीही आपल्या बुद्धीने चालणारी माणसे असतात, एवढीच गोष्ट त्यावरून सिद्ध होते. आणि ती सिद्ध होणे हीच त्यांच्या मनुष्यपणाची सर्वांत मोठी कबुली आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. कोणी म्हणेल की, झाले गेले ते गंगेला मिळाले. जुन्या अपमानाच्या खपल्या काढून समाजात वैर का वाढवावे? या आक्षेपात सदिच्छा आहे हे आम्ही मानतो. परंतु विसरण्याचा अधिकार कोणाचा, हे त्यात सोयीस्करपणे टाळलेले असते. ज्याचा अपमान झाला त्याने तो विसरणे ही क्षमा होय. ज्याने अपमान केला त्याने विसरणे यास क्षमा म्हणता येत नाही. कर्जदाराने सावकारास सांगावे की जुन्या वह्या जाळून टाकू, तसा हा प्रकार आहे. शिवाय वैर वाढते ते सत्य सांगितल्याने नव्हे. एका बाजूस ठाऊक असलेले सत्य दुसरी बाजू नाकारू लागली की वैर वाढते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. स्मृतिवस्तूंचा बाजार झालेला आहे, असे कोणी म्हणेल. ज्या खेळाडूला महिना चार रुपये मिळत, त्याच्या हातचा चेंडू उद्या लिलावात मोठ्या रकमेस जाईल. आणि ती रक्कम त्याच्या नातवंडांच्या हाती न पडता भलत्याच्याच पेटीत पडेल. गरजेपोटी घरातली पेटी विकणारा आणि हौसेपोटी ती विकत घेणारा, यांचा व्यवहार कायद्याने समान असला तरी न्यायाने समान नसतो. हा आक्षेप आम्ही खोडून काढीत नाही. तो खराच आहे. मात्र त्यावरून संग्रहच करू नये असे निष्पन्न होत नाही. कोणीच न घेतल्यास ती वस्तू वारसांच्या घरी सुखरूप राहते असे थोडेच आहे? पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली कागद किती दिवस टिकणार? संग्रहाचा त्याग हा येथे उपाय होत नाही, त्याला नीतीचे बंधन घालणे हा होतो.

ते बंधन आमच्या मते तीन गोष्टींचे असावे. वस्तू ज्या घरातून आली त्या घराची हकीकत, त्याच्या संमतीने, तिच्याबरोबर लिहून ठेवावी, आणि घेणाऱ्याच्या नावाआधी देणाऱ्याचे नाव यावे. दुसरे, अशी वस्तू खासगी कपाटात कायमची कोंडून ठेवू नये; आज ना उद्या ती सार्वजनिक ठिकाणी यावी, आणि तेथे ती इतरांच्या शेजारी, त्याच दालनात असावी. तिसरे, जी वस्तू मिळू शकत नाही तिची जागा मोकळी ठेवावी. पाळवणकरांचे दालन कधी काळी कोठे उभे राहिलेच, तर त्यात चेंडू आणि पदके यांच्या मध्ये एक रिकामा कप्पा असावा, आणि त्याखाली लिहावे की, येथे मातीचे एक भांडे असावयास हवे होते. ते फोडून टाकण्यात आले. तो रिकामा कप्पा त्या दालनातील सर्वांत बोलकी वस्तू ठरेल.

हे सर्व पुण्यामुंबईचे झाले, नाशिककरांचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी येथे सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेने आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या प्रत्यक्ष नेतृत्वाखाली तो १९३५ पर्यंत चालला. ज्या दारापुढे ही माणसे उभी राहिली ते दार आजही आहे, लोक नित्य त्यातून आत-बाहेर करतात. परंतु दाराला आठवण नसते. बाबासाहेबांनी दादासाहेबांस लिहिलेली पुष्कळ पत्रे आज छापून वाचावयास मिळतात, याचे कारण ती ज्यांना आली त्यांनी ती जपली. नेत्यांची पत्रे जपली गेली. त्यांच्यामागे चालत गेलेल्या, खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेल्या सत्याग्रहींचे काय? कोणाच्या घरी त्या दिवसांचे एखादे पत्रक असेल, अटकेचा कागद असेल, एखाद्या आजीने सांगितलेली आठवण असेल. जे कागद आहेत ते जिल्ह्यातील पेट्यांतून आणि माळ्यांवरून हळूहळू नाहीसे होत आहेत. आणि ज्या आठवणी केवळ तोंडी होत्या, त्यांचे सांगणारे बहुतेक गेलेच.

पांडवलेण्यांतील शिलालेखांत राजांची आणि राण्यांची नावे आहेत. त्यांत मुगुदास नावाच्या एका साध्या माणसाचाही लेख आहे. त्याच्या नावामागील ‘दासक’ या शब्दाचा अर्थ पंडितांनी कोळी असा लावला आहे. आपल्या कुटुंबासह त्याने एक लेणे दान दिले आणि आपले नाव दगडात कोरवून घेतले, म्हणून ते आपणांस ठाऊक आहे. ज्यांना दगड परवडत नाही, त्यांची नावे कागदावर आणि कापडावर राहतात, आणि ती इतर कोणी जपली तरच राहतात. गौतमीपुत्राची नाणी मातीखाली दोन हजार वर्षे टिकली. सत्याग्रहीचे पत्रक शंभर वर्षेही टिकावयाचे नाही.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. ज्याला आपण दूर ठेवले त्याची वस्तू जपणे, एवढ्यानेच सन्मान होत नाही आणि प्रायश्चित्तही पुरे होत नाही. वस्तू जपल्याने ऋण फिटत नाही. परंतु ती जपली नाही, तर ऋण होते हेच पुढच्या पिढीला कळणार नाही. आणि जे ऋण कोणास ठाऊकच नाही ते फेडण्याची बुद्धी कोणाला होणार? संग्रह हा त्या ऋणाच्या वहीसारखा आहे. ती वही नीट राखणे, तिच्यातील गैरसोयीचे पान न फाडणे, आणि ज्यांच्या नावे ती रक्कम मांडलेली आहे त्यांच्या मुलाबाळांस ती केव्हाही उघडून पाहता येईल अशा जागी ठेवणे, एवढे काम आपल्या पिढीस करता येण्याजोगे आहे. ज्या वाचकांच्या घरी अशी एखादी पेटी असेल, त्यांनी ती या पावसाळ्यापूर्वी उघडावी, आतील कागद कोरड्या जागी ठेवावे, आणि घरात जे कोणी वडीलधारे असेल त्यांस विचारून प्रत्येक कागदाची हकीकत लिहून काढावी, एवढीच आमची विनंती आहे.